निळू फुले : नकलांच्या पलीकडचा नट

तंबूतल्या सिनेमात निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या कडाकडा बोटं मोडायच्या. नटाला याहून मोठी दाद कुठली? आज मात्र हा माणूस दोन-चार नकलांपुरता उरलाय. टोपी तिरकी करायची, आवाज घोगरा काढायचा आणि ‘बाई, वाड्यावर या’ म्हणायचं. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

निळूभाऊ पुण्याचे. तरुणपणी तिथल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेला. अभिनय ते शिकले सेवा दलाच्या कलापथकात. प्रस्थापितांची खिल्ली उडवणारे वग घेऊन गावोगाव हिंडले. पाटील, पुढारी, त्यांच्या पुढंपुढं करणारी माणसं, सगळी तिथंच भेटली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानं नाव झालं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णाची भूमिका मिळाली.

१९७२ साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ गाजलं, कोर्टापर्यंत गेलं. त्यातला सखाराम निळूभाऊंचा.

आणि १९७५ साली आला ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकरांचं. साखर कारखान्यापासून गावातल्या माणसांच्या तोंडापर्यंत सगळं हिंदुराव धोंडे-पाटलाच्या, म्हणजे निळूभाऊंच्या मुठीत. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, एकच प्रश्न धरून बसलेला : मारुती कांबळेचं काय झालं?

इथं निळूभाऊंकडे नीट पाहा. अंगानं किरकोळ माणूस. आरडाओरडा जवळपास नाहीच. शब्द सावकाश, थोडे चघळत येतात, आणि समोरचा आपोआप अदबीनं उभा राहतो. त्याच हिंदुरावाला मास्तरचा प्रश्न आतून पोखरायला लागतो, तेव्हा आधी त्याचे डोळे अस्वस्थ होतात. जरब आणि भीती एकाच चेहऱ्यावर! पश्चिम महाराष्ट्रातला साखरसम्राट इतका खरा पडद्यावर क्वचितच दिसला असेल. ‘सामना’ त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात पोचला.

चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये हेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्तेचा खेळ जवळून पाहून शेवटी भ्रमिष्ट होणारा माणूस. हिंदीतही ‘मशाल’, ‘सारांश’मध्ये ते दिसले.

सेवा दलाचा कार्यकर्ता मात्र शेवटपर्यंत जागा होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांची घरं चालावीत म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा डॉ. लागूंबरोबर त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. पडद्यावर गाव लुबाडणारा हा माणूस चळवळीसाठी पैसे गोळा करत होता.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगानं ते गेले.

‘सामना’ पाहिला नसेल तर आधी तो पाहा. मास्तर बोलत असताना नजर हिंदुरावावर ठेवा.