पाणी टपकतं पंख्यापाशी, शिरतं कठड्यापाशी

नमस्कार मंडळी. आपण बडोदेकर गच्चीला सर्रास अगाशी म्हणतो आणि उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांच्या सणाचे, दोन दिवस तर तिथेच मुक्काम ठोकतो. पण गच्चीची खरी आठवण येते ती जूनअखेरीस, पहिला दणदणीत पाऊस झाल्यावर. मग मला फोन येतो, "ताई, गळतंय हो." कुठे, म्हणून विचारलं की उत्तर येतं, "बेडरूममध्ये, पंख्यापाशी." आणि सगळे त्या पंख्याच्या बरोबर वरची जागा उकरायला धावतात.

रावपुऱ्यातल्या एका घराची हकीकत सांगते. तीन वर्षं पंख्याच्या हुकाजवळ डाग. दर दिवाळीला रंग, दर श्रावणात पुन्हा डाग. वर गच्चीत कुणीतरी दोनदा सिमेंट फासून ठेवलेलं. मी गुडघ्यांवर बसून कडेकडेने सगळी गच्ची पाहिली. कठड्याच्या मुळाशी, गिलावा आणि कोबा जिथे भेटतात तिथे, पेन्सिलीचं शिसं जेमतेम जाईल एवढी भेग होती, सहा-सात फूट लांब. बादलीत कपड्यांची नीळ कालवली, मातीचा छोटा बांध घातला आणि ते पाणी भेगेपाशी साठवून ठेवलं. तीन तासांनी खाली पंख्याच्या हुकातून निळा थेंब पडला. भेगेपासून हूक चौदा फूट लांब! स्लॅबच्या पोटात विजेच्या तारांचा पाइप पुरलेला असतो. पाणी भेगेतून त्या पाइपात उतरलं आणि वाट मिळाली तसं पंख्याच्या डब्यात गेलं. म्हणून कळकळीने सांगते, पंख्यातून किंवा दिव्यातून पाणी येत असेल तर आधी मेन स्विच बंद करा, बादली मग ठेवा.

आता ही भेग पडते कशाने? उन्हाने. १० मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंशांनी तापला की सुमारे ३ मिलिमीटर वाढतो आणि गार झाला की आक्रसतो. विटांचा कठडा त्याच्याबरोबर तेवढा हलत नाही. त्या दोघांच्या ओढाताणीत सांधा सुटतो. म्हणून तो कोपरा काटकोनात सोडायचा नसतो. तिथे गोलाई भरून घ्यायची, आपले कडिया, म्हणजे गवंडी, तिला वाटा म्हणतात, आणि वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर निदान अर्धा फूट तरी चढवायचा. कठड्याचा माथाही बघा. तो सपाट आणि तडकलेला असेल तर पाणी भिंतीच्या आतून उतरतं, आणि आपण बिचाऱ्या स्लॅबला दोष देतो.

दुसरं मोठं कारण साचलेलं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तरी साधारण २,३५० लिटर पाणी होतं. ३१ जुलै २०१९ ला आपल्या शहरात एका दिवसात जवळपास २० इंच पडला होता, आठवतं ना? एवढं पाणी जायचं कुठून? दहा फुटांमागे निदान सव्वा इंच उतार हवा, आणि पाइपाच्या तोंडाशी जागा थोडी खोलगट हवी. प्रत्यक्षात तिथे पिंपळाची पानं, पतंगाचा कागद आणि मांजाची गुंतवळ अडकलेली असते. उत्तरायणानंतर गच्ची झाडताना ती जाळी उचलून आत हात घाला. पाइप आणि कोबा यांच्यामधली फट तिथेच दिसेल.

चायना मोझेकच्या, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या फरशीच्या, तुकड्यांतून पाणी जात नाही, ते सांध्यांतून जातं. फरशी लख्ख दिसावी म्हणून ॲसिड ओतून धुण्याची आपली सवय मला फार खुपते. ते ॲसिड सांध्यांतलं पांढरं सिमेंट खाऊन टाकतं.

सोलरबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आता गल्लीगल्लीत पॅनेल आहेत आणि ती असावीतच. पण सांगाडा बसवताना चांगल्या कोब्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकतात. एकेका पायाला चार भोकं! त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे गच्चीवर नुसते ठेवून सांगाडा त्यांत धरता येतो. मात्र वाऱ्याला पुरेल एवढं त्यांचं वजन इंजिनियरकडून काढून घ्या. करार करतानाच हे लिहून घ्या. डिशची छत्री आणि टाकीचा स्टँड यांनाही हेच लागू.

एका बाईंनी मघाशी विचारलं, दुरुस्ती झाली, तरी डाग का जात नाही? स्लॅबने शोषलेलं पाणी सुकायला कित्येक आठवडे लागतात. लगेच रंग लावला तर तो फुगून पोपडे पडतात. रावपुऱ्याच्या घरातल्या आजींनी मुलाला शिडीवर चढवून डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून घेतली, बाजूला तारीख. दर रविवारी नवी रेघ, आधीच्या रेघेच्या आत. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा सातवी रेघ वाटीएवढी होती आणि रंगाऱ्याला त्यांनी अजून बोलावलं नव्हतं.