पापाची पट्टी आणि मेथीची जुडी

नमस्कार मंडळी, माईक मधेच खरखरतोय तेवढं चालवून घ्या. विषय दिलाय माणसाचे गुण-अवगुण, म्हणजे बोलायचं इतरांच्या अवगुणांवरच, आपले कोण सांगतंय!

आपल्याकडे नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पुराचं पाणी आलं की पहिला प्रश्न काय असतो? नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला म्हटलं की चहा निवांत, कमरेला म्हटलं की सराफ बाजारात सामान वर चढवायला सुरुवात, आणि छातीला म्हटलं की अर्धं गाव मोबाईल घेऊन पुलावर, त्यात पोलीस ओरडतायत मागे व्हा मागे व्हा तरी सेल्फी. पण पट्टी मात्र सगळ्यांना एकच. पापाचं तसं नाही हो. तिथे प्रत्येकाचा मारुती म्हणजे शेजारचा माणूस. मी सिग्नल तोडला, पण तो बघा राँग साईडने येतोय, म्हणजे माझं पाणी अजून घोट्यालाच!

आणि पुण्याचं काय करतो आपण, तर त्याचं देऊळ बांधतो. आपण बसलोय ते पटांगण यशवंतराव महाराजांचं. बागलाणचे मामलेदार, सटाण्याला, १८७०-७१ च्या दुष्काळात लोक उपाशी मरायला लागले तेव्हा या माणसाने सरकारी तिजोरी वाटून टाकली, इंग्रजाच्या नोकरीत असताना. पुढे तपासणी झाली तर रक्कम जशीच्या तशी निघाली असं सांगतात. आता गंमत बघा, आपल्याला कथेतलं आवडतं काय, तर तिजोरी परत भरली ते! रिकामी करताना त्या माणसाच्या पोटात किती मोठा गोळा आला असेल, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पैसे परत मिळण्याची गॅरंटी असेल तर दानशूर मी पण आहे.

माझंच सांगतो. परवा बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी, मावशी म्हणाल्या वीस, मी पंधरा. दहा मिनिटं उन्हात उभा राहून, घाम पुसत, शेवटी पंधरालाच घेतली, वर त्यांनी चार काड्या कोथिंबीर पण टाकली. तिथून सरळ मिसळ खायला, दोन मित्र, जास्तीचे पाव, ताक, बिलासाठी तिघांची झटापट, मी जिंकलो, सव्वाचारशे, वर पोराला तीस रुपये टिप. छाती फुगवून घरी आलो आणि सांगितलं, पाच रुपये कमी केले आणि कोथिंबीर पण काढली!

बायको म्हणाली, छान, पिशवी कुठंय?

पिशवी मावशीकडेच राहिली होती. धावत गेलो तर त्यांनी मेथीवर ओलं फडकं टाकून ठेवलेली. मी जरा ओशाळून पाच रुपये पुढे केले, तर म्हणाल्या, "राहू द्या काका, पुढच्या बुधवारी भांडायला काहीतरी पाहिजे ना."