टेक्निकल डेटची नोंद नेमकी कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी! टेक्निकल डेट म्हणजे कोडमध्ये मागे ठेवलेली दुरुस्ती, जी पुढे कर्जासारखी महागात पडते. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतला शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीची सिस्टिम धडाधड ऑर्डरी सोडायला लागली. ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या फक्त २१२. त्यांच्यापोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला.

झालं काय होतं? त्यांच्या कोडमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचं जुनं फंक्शन पडून होतं. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण कोड कुणी काढला नाही. २००५ मध्ये ‘ऑर्डरपैकी किती शेअर घेऊन झाले’ हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला. त्यानंतर पॉवर पेग चालतं का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नव्हतं, मग कोण तपासणार? २०१२ मध्ये नव्या फीचरसाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग, म्हणजे ते चालू-बंद करणारी खूण, घेतला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एक राहिला. त्या एकावर पॉवर पेग पुन्हा सुरू झालं, आणि ऑर्डर पूर्ण झाल्याचं त्याला कळेचना. त्यात गडबडीत बाकीच्या सात सर्व्हरवरचाही नवा कोड काढला, म्हणजे आठही ठिकाणी तेच!

मला यात सगळ्यात भयंकर वाटतं ते हे, की इतकी वर्षं त्या कोडने कुणाला त्रासच दिला नव्हता.

प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कोडला कर्जाची उपमा दिली, तेव्हा त्यांचा भर व्याजावर होता, म्हणजे त्या कोडमुळे पुढच्या कामांत जाणाऱ्या जादा वेळावर. आपण मात्र बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, ‘हे रिफॅक्टर करायचंय’ (कोड नीट लावायचाय) अशी तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, टाकतो आणि ती तिथेच राहतात. त्यात फक्त मुद्दल, म्हणजे दुरुस्तीचं काम, असतं. कोड तपासणारं सोनारक्यूबसारखं टूलही दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा अंदाज देतं. तो उपयोगी आहे, पण ती फाइल तुम्हाला रोज उघडावी लागते की वर्षातून एकदा, हे त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून व्याज लिहा. एखादं काम जुन्या कोडमुळे लांबलं, की त्याच दिवशी त्या कोडच्या दुरुस्तीच्या तिकिटावर एक ओळ टाका: ‘रिफंडचं काम, दीड दिवस जादा.’ बस, एवढंच. तीन महिन्यांनी ज्या तिकिटावर जास्त दिवस साचलेत, ते घेऊन मॅनेजरकडे जा. ‘कोड घाण आहे’ म्हटलं की कुणी ऐकत नाही, ‘या मॉड्यूलमध्ये अकरा दिवस गेले’ म्हटलं की ऐकतात. जोडीला गिट लॉगमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीतून, सर्वात जास्त वेळा बदललेल्या फाइली काढा. कमांड डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे.

पण पॉवर पेगसारख्या गप्प बसलेल्या कोडवर अशी ओळ कधीच पडणार नाही. त्याला वेगळा उपाय लागतो. प्रत्येक फीचर फ्लॅगला मालकाचं नाव आणि काढायची तारीख द्या, कोडमधल्या ‘हे नंतर करायचं’ अशा प्रत्येक टूडू कॉमेंटला तिकीट नंबर. तारीख उलटली की सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, बिल्ड फेल झालं पाहिजे. सुरुवातीला टीममध्ये कुरकुर होईल, होऊ द्या. तारीख पुढे ढकलायची असेल तर ढकला, फक्त कोणी ढकलली आणि का, हे त्याच कमिटमध्ये, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीत, लिहा.