सर्वांत मोठा मेट्रिकली रेग्युलर संच केवढा?

नमस्कार मंडळी! कागद-पेन्सिल घ्या आणि 0 व 1 वापरून तीन अंकी सगळे शब्द लिहा. 000 पासून 111 पर्यंत, एकूण आठ. हा झाला तीन मितींचा बुलियन घन. दोन शब्द जितक्या जागी वेगळे, तितकं त्यांच्यातलं अंतर.

आता यातले काही शब्द निवडा. हा संच ‘अ’. एखाद्या शब्दाचं संचापासूनचं अंतर म्हणजे संचातल्या सर्वांत जवळच्या शब्दापर्यंतचं अंतर. अ पासून सगळ्यात लांबचे शब्द गोळा केले की झाला ‘ब’. मग ब पासून सगळ्यात लांबचे शोधा. पुन्हा बरोब्बर अ च मिळाला, तर तो मेट्रिकली रेग्युलर.

दरवेळी मिळत नाही बरं का! अ मध्ये 000, 100 आणि 010 घ्या. सगळ्यात लांब एकटा 111. आणि त्याच्यापासून सगळ्यात लांब एकटा 000. दोन शब्द गळाले. पण 000 आणि 111 ही जोडी घेतली, तर उरलेले सहाही तिच्यापासून 1 अंतरावर, आणि त्या सहांवरून परत तीच जोडी!

हा विषय आला क्रिप्टोग्राफीतून, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्रातून. तिथे 0-1 चलांच्या, 0 किंवा 1 उत्तर देणाऱ्या फंक्शनची सगळी उत्तरं ओळीने लिहिली की असाच एक लांब शब्द होतो. काही चलांची बेरीज करून, हवं तर 1 मिळवून, ती सम की विषम एवढंच सांगणारी ती अफाइन फंक्शन्स. अफाइन फंक्शन्सपासून सगळ्यात लांब असतात ती बेंट फंक्शन्स (चलांची संख्या सम असताना). रशियन गणिती नतालिया तोकारेवा यांनी 2012 मध्ये उलट दिशाही सिद्ध केली: बेंटपासून सगळ्यात लांब फक्त अफाइनच. चार चलांची 32 अफाइन, 896 बेंट, मधलं अंतर 6. मला हा निकाल फार सुंदर वाटतो.

सर्वांत लहान रेग्युलर संच सोपा: एकच शब्द. त्याचे सगळे अंक उलटे केले की जोडीदार तयार. सर्वांत मोठा केवढा?

इथे नीट लक्ष द्या. अ रेग्युलर असेल, तर त्यातल्या कुठल्याही शब्दापासून ब कडे सर्वांत जवळच्या वाटेने निघा. पहिल्याच पावलाला तुम्ही ब च्या एक घर जवळ आलात. अ मधला प्रत्येक शब्द तर ब पासून कमाल अंतरावर, म्हणजे तुम्ही अ च्या बाहेर पडलात! म्हणून अ मधल्या प्रत्येक शब्दाला बाहेरचा शेजारी असतोच. थोडक्यात, अ च्या बाहेरचे शब्द 1 अंतरात अख्खा घन झाकतात. अशा झाकणाऱ्या संचाला म्हणतात कव्हरिंग कोड. सर्वांत लहान कव्हरिंग कोड काढून टाका. उरतो तोच सर्वांत मोठा रेग्युलर संच. तो रेग्युलर का, तर लहानात लहान कोडमधल्या शब्दाचे सगळे शेजारी कोडमध्येच असते, तर तो शब्द वगळूनही भागलं असतं. म्हणजे त्यालाही बाहेरचा शेजारी आहेच.

आता आकडे. तीन मितींत 8 वजा 2, म्हणजे 6. पाच मितींत 32 वजा 7, म्हणजे 25. सात मितींत सर्वांत लहान कव्हरिंग कोड म्हणजे हॅमिंगचा प्रसिद्ध कोड, 16 शब्दांचा, म्हणून 128 वजा 16, म्हणजे 112. आठमध्ये 256 वजा 32, म्हणजे 224.

आणि नऊ मिती? 62 शब्दांचा कोड सापडलाय, 57 पेक्षा कमी शब्दांत भागत नाही हे सिद्ध झालंय. म्हणून सर्वांत मोठा रेग्युलर संच 450 ते 455 यांच्यामध्ये कुठेतरी आहे. चार आणि सहा मितींची उत्तरं मी मुद्दाम सांगितली नाहीत. चारचं कागदावर सहज निघेल, काढून कमेंटमध्ये लिहा.