थिकनेसर वाकडी फळी सरळ करत नाही

(कोल्हापुरातल्या एका तालमीच्या हॉलमध्ये हौशी सुतारकाम करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

मंडळी, आठवडाभर फोनवर एकच प्रश्न येतोय, "काका, थिकनेसर कुठलं घेऊ?" थिकनेसर म्हणजे फळी तासून एकसारख्या जाडीची करणारं मशीन. सांगतो, पण आधी ही फळी बघा. साग आहे, साडेतीन फूट. टेबलावर ठेवतो. हा कोपरा दाबला की तिकडचा उठतो. टकटक ऐकू येतंय? याला मेस्त्री 'पीळ' म्हणतात. गेल्या रविवारी ही फळी मी थिकनेसरमधून सहा वेळा काढली. हात फिरवा, लोण्यासारखी लागेल. चारी कोपऱ्यांना जाडी एकसारखी. आणि पीळ? जसाच्या तसा.

गुऱ्हाळावरचा चरक सगळ्यांनी बघितलाय. रूळ ऊस धरतात आणि आत ओढतात. थिकनेसरमध्ये तसेच दोन रूळ असतात, एक पात्यांच्या अलीकडं, एक पलीकडं. ते फळीला खालच्या पत्र्यावर दाबून पुढं सरकवतात. दाबलेली असते तोवर बारीक फळी सपाट होते, वरून तासली जाते, बाहेर पडली की पुन्हा आपल्या वळणावर. हे तालमीत बसून सांगायला नको, दाबून धरलेला गडी हात काढला की उठतोच. या मशीनला एकच विद्या येते : खालच्या बाजूला समांतर अशी वरची बाजू करणं. खालची बाजू वाकडी दिली, तर वरचीही तितकीच इमानदारीनं वाकडी करून देईल.

म्हणून पहिली बाजू तुमच्या हातची. रंधा मारा. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवा, एका डोळ्यानं त्यांच्या वरच्या कडा जुळतात का बघा, उंचवटा दिसेल तिथं तासा. रंध्याचा कंटाळा असेल, तर जाड, सपाट प्लायवर फळी ठेवा, खाली जिथं पोकळ तिथं लाकडाच्या पाचरी सरकवून गरम गोंदानं चिकटवा, आणि प्लायसकट मशीनमध्ये घाला. आता रुळांनी दाबलं तरी फळी झुकायला जागा नाही. वरची बाजू सपाट झाली की पाचरी काढा, फळी उलटी करा.

आता खरेदी. वर्षाला एक स्टूल करणार असाल तर घेऊ नका. वखारीत नाहीतर सॉ मिलमध्ये थोड्या पैशात काम होतं. घ्यायचंच ठरलं तर घरगुती मशीन साधारण बारा-तेरा इंच रुंदीची येतात. हॉर्सपॉवर विचारत बसू नका, फळीच्या एका इंचात पाती किती वेळा लागतात ते विचारा. मकिताच्या २०१२एनबीमध्ये दोन पाती, मिनिटाला ८,५०० फेरे, आणि त्याच मिनिटात फळी साडेआठ मीटर सरकते. हिशोब करा : मिलिमीटरला दोन घाव, इंचाला पन्नासेक. डिवॉल्टच्या डीडब्ल्यू७३५ला तीन पाती आणि दोन वेग, इंचाला ९६ किंवा १७९. संथ वेगावर गाठीजवळचं लाकूड कमी उचकटतं. पण पुतण्याला अमेरिकेतून आणायला सांगू नका. तिथलं मशीन १२० व्होल्टवर चालतं, आणि वजन बेचाळीस किलो! बॅगेत कुठं घालणार तो?

स्पायरल हेड, म्हणजे सरळ पात्यांऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेला रूळ. आवाज कमी, एक तुकडा बोथट झाला तर तेवढाच फिरवायचा. शिसवासारखं उलटसुलट रेघांचं लाकूड रोजच घेणार असाल तर पैसे वसूल. सागासाठी माझा सल्ला वेगळा : त्या पैशात पात्यांचा जादा सेट आणि भुसा ओढणारं मशीन घ्या. सागात बारीक वाळूसारखी सिलिका असते, ती पात्यांची धार खाते.

आणि खिळे! जुन्या वाड्याची तुळई चिरून घेतलेल्या फळ्या मी हौसेनं आणल्या. चुंबक फिरवलं, चार खिळे काढले, खूश झालो. पाचवा आत मोडून राहिला होता, वर भोकसुद्धा नव्हतं. टण्ण आवाज आला, पात्यांना खाचा पडल्या. त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक फळीवर केसाएवढी उभी रेघ, उंच. चूक माझीच. उद्यमनगरातल्या एका कारागिरानं युक्ती सांगितली : वीज काढून एक पातं बाजूला मिलिमीटरभर सरकव. खाचा एका रेषेत राहत नाहीत, एकाची उणीव दुसरं पातं भरून काढतं. ज्या मशीनमध्ये पात्याला तेवढी ढिलाई आहे तिथंच हे जमतं.

फळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंच लांबीचा खड्डा पडतो, त्याला स्नाइप म्हणतात. टोकाशी फळी एकाच रुळाच्या ताब्यात असते, म्हणून ती पात्याकडं उचलली जाते. आत जाताना मागचं टोक आणि बाहेर येताना पुढचं टोक हातानं किंचित उचलून धरा. त्याहून सोपं म्हणजे फळी हवी त्यापेक्षा अर्धा फूट जास्त लांब ठेवायची आणि शेवटी कापून टाकायची. मी कापतो.

एका वेळी पाव सूतच तासा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रुंद फळी असेल तर त्याहून कमी. हावरटपणा केला की मोटर कण्हते. आणि दोन्ही बाजूंनी सारखंच काढा. जुलैत वखारीतून आणलेली ओलसर फळी एकाच बाजूनं तासली की चार दिवसांत तिची पन्हळ होते. ती आधी घरात पट्ट्यांवर रचून ठेवा, वारा लागू द्या. फूटभरापेक्षा आखूड तुकडा आत घालू नका. दोन्ही रुळांना तो एकदम सापडत नाही आणि गोळीसारखा मागं येतो.

मागच्या रांगेतून विजेचं विचारलंत. १,६५० वॅटचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या वर ओढतं. म्हणजे पंख्याशेजारचा ६ अँपिअरचा सॉकेट चालणार नाही, १६चा हवा. एक्स्टेन्शनची वायर अडीच चौरस एमएमची घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडा. कानाला मफ, तोंडाला मास्क. लाकडाच्या धुळीनं माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय, म्हणून नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

चला, आता हीच पीळवाली फळी प्लायवर पाचरी लावून घालतो. कुणीतरी पलीकडं धरायला या. बाह्या वर करा, हातमोजे काढा.