पल्टण कुठली, आबा?

(दृश्य: अपशिंगे, गावातलं हुतात्म्यांचं स्मारक. सकाळची वेळ.)

सातारा जिल्ह्यातल्या या गावाला अख्खा मुलूख 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात इथले 46 जवान कामी आले. त्यानंतर 1962, 1965, 1971, प्रत्येक लढाईत इथली पोरं होती. आणि हे काही एकट्या अपशिंग्याचं नाही. या जिल्ह्यात अशा कितीतरी वाड्या आहेत, जिथे आजा फौजेत, बाप फौजेत आणि नातू भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतोय. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली.

71च्या लढाईत जे विशीत होते, ते आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. त्यांना भेटायला आम्ही निघालो.

(दृश्य: ट्रंक उघडणारे हात, जवळून.)

आबा 71च्या लढाईतले जवान. ही त्यांची काळी लोखंडी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. रंग उडाला की आबा तो पुन्हा काढून घेतात. आत सगळ्यांत वर पेन्शनची कागदं, बँकेचं पासबुक, डिस्चार्ज बुक. त्याखाली जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पदकं. हे संग्राम पदक. आणि हा पूर्वी स्टार. 71 मध्ये पूर्वेच्या आघाडीवर जे लढले त्यांना हा मिळाला, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. म्हाताऱ्या फौजीच्या छातीकडे नीट पाहिलं, तर तो कुठे लढला हे न विचारता कळतं. इतके सत्कार आम्ही पाहिले, पण हार घालताना पदकांकडे पाहणारा पाहुणा क्वचितच दिसला.

आबांची पल्टण पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. जंगी पल्टण. 1768 साली उभी राहिलेली.

(दृश्य: अंगणातली धूळ, काठीची रेघ. आबा उकिडवे बसलेले.)

नकाशा आम्ही मागितला नव्हता. आबांनी काठी घेतली आणि जमिनीवर रेघ ओढली. ही ब्रह्मपुत्रा. हे जमालपूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आजच्या बांगलादेशातलं. आणि हा खाली टांगाईलवरून ढाक्याला जाणारा रस्ता.

जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच ही पल्टण पक्के मोर्चे बांधून बसली होती. समोरून धडक मारायची तर फार माणूस गेला असता. म्हणून लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली मराठ्यांनी नदी ओलांडली, लांबून वळसा घेतला आणि शहराच्या मागे, थेट ढाक्याच्या रस्त्यावर येऊन खंदक खणले. त्या आघाडीवर होड्या, बैलगाड्या, सायकलरिक्षा, जे हाताशी असेल ते तिथले लोक फौजेसाठी पुढे करत होते. आबा दारूगोळ्याच्या ओझ्याबद्दल बोलतात, ओल्या बुटांबद्दल बोलतात. शौर्य हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही.

आता पुस्तकांत काय आहे पाहा. 9 डिसेंबरला आपल्या फौजेचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी बलुचच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना पत्र लिहिलं. तुम्ही वेढले गेला आहात, शरण या. मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या दलाचा, एक माणूस जीव मुठीत धरून ते पत्र घेऊन गेला. त्याला मारहाण झाली, पण तो उत्तर घेऊन परत आला. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. मजकुराचा आशय असा, की लेखणी तुम्हाला छान चालवता येते, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या.

गोष्ट जबरदस्त आहे आणि ती सांगितली जायलाच हवी. पण ती दोन अधिकाऱ्यांमधली आहे. त्याच वेळी रस्त्याकडेच्या खंदकात बसलेल्या जवानाला या पत्राची गंधवार्ताही नव्हती. त्याला एवढंच ठाऊक होतं, की शत्रू याच रस्त्याने बाहेर पडणार आणि रस्त्यावर आपण बसलोय. त्याची ती रात्र कुणी लिहून ठेवलेली नाही. ती फक्त त्याच्या तोंडून ऐकायला मिळते.

(बाइट: आबा, 10 डिसेंबरच्या रात्रीबद्दल. पूर्ण ठेवावी, मधले थांबेही. संगीत नको.)

त्या रात्री बलुचने वेढा फोडून ढाक्याकडे निसटायचा प्रयत्न केला. मोर्चांवर एकामागून एक लाटा आल्या. मराठे जागचे हलले नाहीत. शत्रूचे दोनशेहून अधिक जवान पडले आणि 11 डिसेंबरला जमालपूर हाती आलं. ब्रार यांना वीरचक्र मिळालं, पल्टणीला 'जमालपूर' हा युद्धसन्मान.

(दृश्य: दुसरं घर, दुसऱ्या पॅरातल्या तात्यांचं. भिंतीवर छत्रीधारी जवानाचा जुना फोटो.)

त्याच 11 डिसेंबरला, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, टांगाईलजवळ आभाळातून 700च्या आसपास जवान उतरत होते. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा. इटलीत 1944 साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथेच धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पल्टणीचे. लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला पळणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडायची, हे काम त्यांच्याकडे होतं. पूल त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून पुढे आलेली जंगी पल्टण त्यांना येऊन मिळाली. परमुलखातल्या एका पुलावर दोन पल्टणी भेटल्या आणि दोन्हींकडे मराठी बोलणारी माणसं!

(बाइट: तात्या, पुंगलीच्या पुलावरची भेट.)

16 डिसेंबरला सकाळी ढाक्यात सगळ्यांत आधी शिरली ती हीच दुसरी पॅरा. संध्याकाळी शरणागतीवर सह्या झाल्या.

(दृश्य: शाळेचं मैदान, विजय दिवसाचा कार्यक्रम. शाल, नारळ, टाळ्या.)

दर 16 डिसेंबरला गावोगाव सत्कार होतात. कराडचा विजय दिवस समारोह तर मोठाच असतो. व्हावेतच. शाल खांद्यावर पडते तेव्हा ही माणसं आपोआप ताठ होतात, ते चित्रात दिसतंच आहे. पण इथे भाषणं पाहुण्यांची झाली. ज्यांचा सत्कार, त्यांच्यासमोर माईक आला नाही. शेवटी चौथीतल्या एका मुलीने तात्यांना गाठलं आणि विमानातून उडी मारताना काय वाटलं ते विचारलं. तात्या तिच्याशी पाऊण तास बोलले. आमच्या मते त्या दिवसाचा खरा सत्कार तो.

(दृश्य: रांगेने बसलेले माजी सैनिक, चेहरे एकेक करून.)

कुणाच्या मांडीत अजून लोखंडाचा तुकडा आहे, कुणाला तोफेच्या आवाजाने कान गमावावा लागला, कुणी पेन्शनच्या फरकासाठी अजून खेटे घालतंय. ज्यांचे धनी परत आलेच नाहीत, त्या वीरपत्नीही याच रांगेत बसल्या आहेत.

(दृश्य: आबा, ट्रंकेशेजारी. नातवाच्या हातात मोबाईल, रेकॉर्डिंग सुरू.)

आबांचं सगळं बोलणं आम्ही नातवाच्या मोबाईलमध्येही भरून दिलं. जमालपूरचं नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आता तो स्वतः विचारतोय.

तुमच्या भावकीत, गल्लीत 71चं कुणी असेल तर या दिवाळीत जाऊन बसा. किती शत्रू मारले, हे विचारू नका. ते बोलायचे बंद होतात, हे आम्ही पाहिलंय. पल्टण कुठली होती, हे विचारा. मग कंपनी कुठली, शेजारच्या मोर्चात कोण होतं, जेवण कधी आलं. तारखा चुकल्या तरी मध्ये दुरुस्त करू नका, त्या नंतर तपासता येतात. आणि मोबाईल चार्ज करून न्या. एकदा बोलायला लागले की संध्याकाळ होते.