आईच्या हिरड्या, बाळाचा मेंदू आणि ती घाबरवणारी रील

ती रील मला किती जणींनी पाठवली, हे मोजणं मी सोडून दिलंय. मागे रडकं संगीत, पुढे लाल अक्षरं : 'तुमच्या हिरड्यांमुळे बाळाचा मेंदू बिघडतोय'. एकीने तर रात्री पावणेदोनला पाठवली. खाली लिहिलंय, "ताई, सहावा महिना आहे, ब्रश करताना रक्त येतं, बाळ ठीक असेल ना?" पावणेदोनला! झोपायचं सोडून ही बेसिनपाशी उभी आहे. अक्कलदाढेचा व्हिडिओ कबूल केला होता, तो पुढच्या आठवड्यात. आज हे.

पुस्तकातला भाग पटकन उरकते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, हिरड्यांकडे रक्त जास्त येतं आणि दातांवर साचलेल्या थरावर हिरड्या जरा जास्तच चिडतात. सुजतात, लाल होतात, रक्त येतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा आकडा आहे, शंभरातल्या 60 ते 75 गरोदर बायकांना हे होतं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण ही सूज तशीच राहिली, कीटण हिरडीखाली उतरलं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, की तो पायरिया. सूज जाते. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. बास.

आता माझा जुना राग. "रक्त येतं म्हणून मी तिथं ब्रश लावत नाही."

हे वाक्य क्लिनिकमध्ये ऐकलं की माझा चहा गार होतो. अहो, रक्त येतंय तिथंच थर साचलाय. तुम्ही ती जागा सोडली, थर वाढला, सूज वाढली, रक्त वाढलं, तुम्ही आणखी लांबून ब्रश फिरवायला लागलात. हे बघा, दातांचं मॉडेल कॅमेऱ्याजवळ धरते. ब्रश मऊ घ्या. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, केसांची टोकं तिरकी हिरडीकडे, असा टेकवा आणि जागच्या जागी हलवा. बाथरूमची फरशी घासतो तसं नाही. लोक दाताचं पोट चकाचक करतात आणि ही रेष सोडून देतात.

मागच्या वेळी हेच सांगितलं तर खाली कमेंट आली, "मॅडम, जखमेवर कोणी घासतं का?" चांगला प्रश्न, खरंच. पण बोटात काटा मोडलाय, बोट सुजलंय, तर तुम्ही काटा आत ठेवून नुसती फुंकर घालता का? काढताना दुखणार, रक्तही येणार. इथे काटा म्हणजे तो थर. दुसरीने लिहिलं, सासूबाई तुरटीच्या गुळण्या करायला लावतात आणि रक्त थांबतं. थांबेल की! तुरटीने हिरडी आवळली जाते. थर तिथेच बसलेला असतो, फक्त आता तो तुम्हाला खूण करत नाही. सासूबाईंना दुखवू नका, गुळण्या करा हवं तर, पण ब्रश केल्यावर.

आणि मी स्वतः काय केलं सांगू? माझ्या वेळी सातव्या महिन्यात खालच्या डाव्या दाढांपाशी रक्त यायचं. मी, दातांची डॉक्टर, महिनाभर ती बाजू टाळत होते. सकाळी कल्याण लोकल गाठायची घाई, त्यात उलट्या, कोण बघतंय! शेवटी मैत्रिणीने खुर्चीत बसवून आरसा हातात दिला आणि म्हणाली, "हे तुझ्या पेशंटला दाखव." नीट सफाई केली, ब्रश पुन्हा त्या रेषेवर आणला, दोनेक आठवड्यांत रक्त बरंच कमी झालं. तुमचं कमी झालं नाही तर डेंटिस्टकडे जा, मला पावणेदोनला फोटो पाठवू नका.

आता मेंदू. रील पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती चालते. पायरियात हिरडीखाली कायमची सूज असते. तिथले जंतू आणि सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जंतू गर्भजलात सापडलाय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाभण मादीच्या शरीरात सूज भडकवली तर पिल्लांच्या मेंदूवर आणि वागण्यावर परिणाम दिसतो. दुसरी वाट जास्त सरळ आहे, मुदतीआधी बाळंतपण. 35 व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असतं. पायरिया असलेल्या आयांमध्ये मुदतीआधीची बाळंतपणं जास्त दिसतात, हे 1996 मध्ये अमेरिकेत ऑफेनबाखर या संशोधकांच्या गटाने मांडलं आणि तेव्हापासून सगळे त्यामागे लागले.

रील इथे संपते. गोष्ट संपत नाही.

2006 मध्ये अमेरिकेतच 823 गरोदर बायकांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. सगळ्यांना पायरिया. निम्म्यांची हिरडीखालची सफाई 21 व्या आठवड्याआधी, निम्म्यांची बाळंतपणानंतर. मुदतीआधी बाळंतपण आधी सफाई झालेल्यांत 12 टक्के, नंतर झालेल्यांत 12.8. म्हणजे फरक नाहीच. पुढे यांतल्या 400 हून जास्त मुलांची दोन-सव्वादोन वर्षांची झाल्यावर चाचणी घेतली. सफाई कधी झाली याने मुलांच्या बोलण्यात, समजण्यात, हालचालींत फरक पडला नव्हता. ज्या आयांच्या हिरड्या खरंच सुधारल्या त्यांच्या मुलांचे गुण जरासे जास्त होते. जरासेच.

मग हिरड्या दोषी की नाहीत? ज्या बाईला पायरिया आहे तिच्या घरात आणखी काय काय आहे ते बघा. पैशांची ओढाताण, अपुरं खाणं, साखर, तंबाखू. तंबाखूचं नाव निघालं की मला मशेरीवर बोलावंच लागतं, आणि कमेंटमध्ये "मशेरी आयुर्वेदिक असते" लिहिणाऱ्या दादांनी आज तरी ऐकावं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. पेस्ट नाही, औषध नाही. "नुसती दाताला लावते, खात नाही," असं प्रत्येक काकू सांगते. हिरडीतून निकोटिन रक्तात जायला गिळावं लागत नाही! 2004 मध्ये याच आपल्या मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरी आणि तसला बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅम हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. हा आकडा कुठल्या रीलमध्ये येत नाही. चाळीत सकाळी मोरीपाशी डबी घेऊन बसलेल्या बाईवर रडकं संगीत कोण लावणार?

त्यामुळे माझं मत सांगते, पटलं तर घ्या. तुमच्या हिरडीतून रक्त आलं म्हणून तुमचं मूल अभ्यासात मागे पडणार नाहीये. स्वतःला कोसू नका. पण सफाई करून घ्या, कारण दात तुमचे आहेत आणि त्या 2006 च्या अभ्यासात सफाईने ना आईला त्रास झाला ना बाळाला. शक्य असेल तर दिवस राहण्याआधीच तोंड दाखवा. पायरिया वर्षानुवर्षं मुरलेला असतो, पाचव्या महिन्यात घाईने केलेल्या सफाईकडून किती अपेक्षा करणार?

"डॉक्टर म्हणाले डिलिव्हरीनंतर बघू." हे तर मी रोज वाचते. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, नंतर खुर्चीत उताणं पडवत नाही एवढंच. पण दुखत असेल, पू येत असेल तर कुठलाही महिना चालतो. भूल द्यायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं, गरज पडली तर शिशाचा एप्रन घालून दाताचा एक्स-रेही. चालत नाही ते म्हणजे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी आणणं, किंवा घरात उरलेली टेट्रासायक्लिन ही अँटिबायोटिक घेणं. टेट्रासायक्लिन बाळाच्या दातांवर डाग पाडते. खासगी परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे हिरड्यांचं स्वतःहून विचारा. ते बहुतेक विचारणार नाहीत.

आणि नाही, बाळ तुमच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. आजी सांगते ते प्रेमाने सांगते. उलटी झाली की लगेच ब्रश नको, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. पेस्टच्या वासाने मळमळतं? नुसत्या ओल्या ब्रशने घासा, चालेल.

शेवटची कमेंट वाचते : "ताई, बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू खाल्ल्यावरही ब्रश करायचा का?" सकाळी आणि झोपताना, हो. रात्री दोनला बाळाला पाजून उठून खाल्लात तर? चूळ भरा आणि झोपा.